पॉलिसीच्या पहिल्या पानावर दिलेले संरक्षण नवव्या पानावर काढून घेतलेले असेल, तर कोणते कलम धरायचे?

प्रश्न
नमस्कार. नळ किंवा पाइप फुटून पाण्याने झालेले नुकसान भरून दिले जाईल, असे आमच्या घराच्या विमा पॉलिसीत पहिल्याच पानावर लिहिलेले आहे. गेल्या महिन्यात स्वयंपाकघराच्या भिंतीतला पाइप सांध्यापाशी फुटला आणि फरशी, कपाटे व शेजारच्या खोलीतले लाकूडकाम खराब झाले. 'हळूहळू झिरपणाऱ्या पाण्याने झालेले नुकसान वगळले आहे' या नवव्या पानावरच्या वाक्यावर बोट ठेवून कंपनीने दाव्याचा मोठा भाग नाकारला आणि उरलेल्या रकमेतही विमा रक्कम अपुरी असल्याचे सांगून कपात केली. अशा वेळी अटी वाचायच्या तरी कशा?

उत्तर 1
दोन्ही कलमे एकत्रच वाचावी लागतात. संरक्षणाचे कलम कक्षा आखते, अपवाद त्या कक्षेतला काही भाग बाहेर काढतात आणि अटी दोन्ही पक्षांनी काय करायचे ते सांगतात. पॉलिसीला एखादी एंडॉर्समेंट, म्हणजे मूळ अटींत बदल करणारी पुरवणी, जोडलेली असेल तर ती आधी पाहा, कारण ती त्या विशिष्ट ग्राहकासाठी लिहिलेली असते आणि छापील मजकुराशी तिचा मेळ बसत नसेल तर साधारणपणे तीच ग्राह्य धरतात.

तुमच्या बाबतीत खरा मुद्दा पुराव्याचा आहे. घटना संरक्षणाच्या कक्षेत येते हे विमाधारकाने दाखवायचे असते. पण ते दाखवल्यावर ती अपवादात मोडते हे सिद्ध करण्याची जबाबदारी सामान्यतः कंपनीवर येते. म्हणून पाणी 'झिरपत होते' हे कंपनीने कशावरून ठरवले, ते लेखी विचारा आणि सर्वेयरच्या, म्हणजे नुकसानीची पाहणी करणाऱ्याच्या, अहवालाची प्रत मागा. प्लंबरने कापून काढलेला पाइपचा तुकडा फेकला नसेल तर जपून ठेवा. सांध्यावर क्षारांचा जुना थर आणि भिंतीला बुरशी असेल तर कंपनीच्या म्हणण्याला बळ मिळते. चीर ताजी आणि प्लास्टर आतून कोरडे असेल तर तुमच्या.

उत्तर 2
कपातीबद्दल लिहितो, कारण लोक नेमके याच कलमापाशी फसतात. याला सरासरीचे कलम, म्हणजे ॲव्हरेज क्लॉज, म्हणतात. समजा मालमत्तेचे मूल्य 10 लाख असून विमा 6 लाखांचाच उतरवला आहे आणि नुकसान 2 लाखांचे झाले आहे, तर कंपनी 2 लाखांच्या सहादशांश, म्हणजे 1 लाख 20 हजार देते. नुकसान विमा रकमेच्या आत असले तरी कपात होते, कारण उरलेल्या चार हिश्श्यांचा हप्ता भरलेलाच नसतो. मात्र हे कलम तुमच्या पॉलिसीत खरोखर आहे का आणि मूल्य कोणत्या आधारावर धरले आहे, हे तपासा: घसारा, म्हणजे वापराने व जुनेपणाने झालेली घट, वजा करून धरलेले मूल्य आणि नव्याने उभारणीचा खर्च यांत फार मोठे अंतर पडते.

उत्तर 3
एक भर घालतो. एखाद्या शब्दाचे दोन वाजवी अर्थ निघत असतील, तर मसुदा ज्याने लिहिला त्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ घ्यावा, असे तत्त्व न्यायालये वापरतात. पॉलिसी कंपनी लिहिते, त्यामुळे त्याचा लाभ बहुधा विमाधारकाला मिळतो. पण शब्द स्पष्ट असेल तर हे तत्त्व उपयोगी पडत नाही. 'हळूहळू' याची व्याख्या पॉलिसीत दिली आहे का, ते म्हणूनच आधी पाहा.

त्याचबरोबर प्रपोझल फॉर्ममध्ये, म्हणजे विमा घेताना भरलेल्या अर्जात, तुम्ही काय लिहिले होते, तेही काढून वाचा. 1766 मध्ये 'कार्टर विरुद्ध बोहम' या इंग्लिश खटल्यात न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी परम सद्भावाचे तत्त्व मांडले: जोखमीबद्दलची जी माहिती एकाच पक्षाकडे आहे, ती त्याने दडवू नये. त्या खटल्यात सुमात्रातील एका किल्ल्याचा विमा होता आणि निकाल विमाधारकाच्या बाजूने लागला, कारण किल्ल्याची परिस्थिती विमा देणाऱ्यालाही समजण्यासारखी होती. जुन्या गळतीबद्दल प्रश्न विचारलेला असेल आणि तुम्ही 'नाही' लिहिले असेल, तर ते उत्तर खरे होते का, याची आधी स्वतःशी खात्री करा.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. फॉर्मची प्रत काढून पाहिली. गळतीबद्दल प्रश्न होता आणि आमचे 'नाही' हे उत्तर त्या वेळी खरे होते. 'हळूहळू'ची व्याख्या पॉलिसीत कुठेही नाही. पाइपचा तुकडा प्लंबरकडेच होता, तो आज आणला आहे, आणि अहवालाची प्रत व मूल्यांकनाचा आधार मागणारे पत्र उद्या पाठवत आहे.