वजन रोज करावं की आठवड्यातून एकदा? मदत हवी आहे

वय ४३, उंची ५ फूट २ इंच. दहा आठवड्यांत ७४ वरून ७१ किलोवर आले. रात्रीचा भात आणि साखरेचा चहा बंद, रोज ४५ मिनिटं चालणं. थायरॉईड, शुगर नॉर्मल. गोळ्या कुठल्याच नाहीत.

रोज सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी, काटा त्याच फरशीवर ठेवून वजन करते. तरी परवा ७०.९, काल ७१.८! आदल्या रात्री लग्नात पापड-लोणचं झालं होतं. मिठामुळे अंगात पाणी धरलं असणार. एका रात्रीत किलोभर चरबी वाढत नाही, हे कळतं. पाळीच्या आधीही असंच होतं. पण आकडा बघून दिवसभर मन खट्टू होतं, जेवण टाळावंसं वाटतं, आणि ते मला नको आहे.

मग महिनाभर फक्त सोमवारी करून पाहिलं. पण सोमवार म्हणजे रविवारच्या मटणाचा दुसरा दिवस! वजन हललंच नाही असं वाटलं, टेपने कंबर मात्र दोन सेंटिमीटर कमी भरली.

रोज वजन करून सात दिवसांची सरासरी काढणाऱ्यांना रोजच्या आकड्याचा त्रास होत नाही का? की गुरुवारसारखा मधला एकच वार धरावा? आणि किती आठवडे आकडा जागचा हलला नाही, तर आहार बदलायचा?