मदत हवी: व्हॅक्यूम ब्रेकडाउनचं रीडिंग रोज वेगळं येतंय

ठिणगी_२२: एमटेकचा प्रोजेक्ट: व्हॅक्यूममध्ये किती व्होल्टेजला ठिणगी पडते (ब्रेकडाउन) ते मोजायचं. स्टीलचे दोन इलेक्ट्रोड, गॅप १ मिमी, डीसी सप्लाय. सोमवारी १८ केव्हीला (हजार व्होल्टला) ठिणगी, मंगळवारी ३१, आज २२. सेटअप तोच! शुक्रवारी रिव्ह्यू आहे, गाईडना रिपीटेबिलिटी हवी. लवकर सांगा.

जुना_वायरमन: प्रेशर किती? पाशेनचा आलेख बघ (वायूचं प्रेशर × गॅप विरुद्ध ब्रेकडाउन व्होल्टेज), प्रेशर हललं की व्होल्टेज हलणारच.

ठिणगी_२२: १०⁻⁶ मिलिबार. लिहायचं राहिलं.

पंपवाला: मग पाशेन कुठून आणलात काका? या प्रेशरला रेणू साठेक मीटर गेल्यावर दुसऱ्याला धडकतो, गॅप १ मिमी, म्हणजे ठिणगी वायूमुळे नाही. इथे जोरदार विद्युत फील्डमुळे कॅथोडवरच्या (ऋण इलेक्ट्रोडवरच्या) सूक्ष्म टोकांतून इलेक्ट्रॉन सुटतात, त्याला म्हणतात फील्ड एमिशन. पंप कोणता? तेलाच्या वाफेवर चालणारा डिफ्यूजन पंप असेल तर ती वाफ इलेक्ट्रोडवर बसते. टर्बो (वेगाने फिरणाऱ्या पात्यांचा पंप) घ्या.

जुना_वायरमन: टर्बो घ्यायला पैसे तुम्ही देणार का?

तेलकट: आम्ही ट्रान्सफॉर्मर तेलाची बीडीव्ही (ब्रेकडाउन व्होल्टेज) २.५ मिमी गॅपला घेतो, सहा रीडिंगची सरासरी. एकदम सोपं.

पंपवाला: तेलाचं कोणी विचारलंय?

मीरा_प्लाझ्मा: दोन प्रश्न. सप्लाय आणि इलेक्ट्रोडच्या मध्ये करंट आवरणारा सिरीज रेझिस्टर आहे का? आणि रोज सकाळी नेमकं काय करतोस?

ठिणगी_२२: रेझिस्टर नाही. सकाळी चेंबर उघडून एमरी पेपरने घासतो, म्हणजे रोज सारखीच सुरुवात.

मीरा_प्लाझ्मा: सारखी कसली? रोज नवे ओरखडे, नवी टोकं, वर हवेतला ओलावा. घासणं बंद. इलेक्ट्रोडजवळ काही मेगओहमचा रेझिस्टर लाव, नाहीतर केबलमध्ये साठलेली सगळी ऊर्जा ठिणगीत जाऊन खड्डे पाडते. मग चेंबर न उघडता व्होल्टेज हळूहळू चढव, ठिणग्या पडू देत. टोकं जळतात, व्होल्टेज चढत जाऊन स्थिरावतं. हेच कंडिशनिंग. ठिणगीआधीचा करंटही मोज. १/V विरुद्ध ln(I/V²) (I करंट, V व्होल्टेज) सरळ रेषा आली तर फील्ड एमिशन, आणि उतारावरून टोकांपाशी फील्ड किती पट वाढलंय ते कळतं.

पंपवाला: +१. अवांतर: ३० केव्हीला क्ष-किरण निघतात. काचेला डोळा लावून बसत नाहीस ना?

ठिणगी_२२: मोबाईल लावतो व्हिडिओला. मी शेजारी असतो.

मीरा_प्लाझ्मा: आधी आरएसओला (रेडिएशन सुरक्षा अधिकाऱ्याला) सांग, सर्व्हे मीटरने किरण मोजून घे. तोवर सप्लाय बंद.

ठिणगी_२२: बरं. पण शुक्रवारी दाखवू काय?

मीरा_प्लाझ्मा: सर्व्हे मीटरने मोजून झालं तर ठिणगी क्रमांक विरुद्ध व्होल्टेजचा आलेख, जितक्या ठिणग्या होतील तितक्यांचा. एक आकडा मागितला तर वितरण दाखव, म्हणजे कोणत्या व्होल्टेजला किती ठिणग्या पडल्या.

तेलकट: सहाची सरासरी काढ, सांगतोय ना.