मदत हवी आहे: गोळ्या चालू असताना हाताचं काम शिकणं

माझ्या धाकट्या भावाला, वय २९, स्किझोफ्रेनिया आहे. त्यासाठी रिस्पेरिडोन ४ मिग्रॅ आणि हात थरथरतात म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल २ मिग्रॅ चालू आहे. नसलेले आवाज ऐकू येणं थांबलंय, झोप लागते. गोळ्या बंद करायचा विचार अजिबात नाही. एकदा मध्येच सोडल्या तेव्हा काय झालं ते घरानं पाहिलंय.

तीन महिन्यांपासून तो शिलाई शिकतोय. माप घेणं, कापड बेतणं समजतं, विचारलं तर नीट सांगतोही. पण मशीनवर बसला की पाय आणि हात जुळत नाहीत. काल जमलेली सरळ टीप आज पुन्हा वाकडी. शिकवणाऱ्या ताई म्हणतात लक्ष नाही. मला ते पटत नाही, घामाघूम होईपर्यंत बसतो तो.

सरावानं हात बसतो त्यात मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा वाटा असतो, आणि रिस्पेरिडोनसारखी औषधं त्याचंच काम अडवतात, असं वाचलं. ट्रायहेक्सिफेनिडिलमुळे स्मरणशक्तीही मंदावू शकते. पण मूळ आजारातही शिकणं जड जातंच, मग नेमकं कशामुळे हे कसं ओळखायचं?

कुणाच्या घरी असा अनुभव आहे का? थरथरीची गोळी कमी करण्याबद्दल डॉक्टरांशी बोललात का, फरक पडला का? सराव रोज थोडा-थोडा घ्यावा की एकदम? पुढच्या आठवड्यात अपॉइंटमेंट आहे, काय विचारू तेही सांगा. त्याला हे काम मनापासून हवंय.