तडजोड नेमकी कशात?

तडजोडीवरच्या चर्चेत कुणीतरी म्हटलं, ‘एकदा तडजोड केली की आदर्श संपला’. हे म्हणणं मला पटत नाही. वाट बदलणं वेगळं, मुक्काम बदलणं वेगळं.

समाजसुधारक र. धों. कर्व्यांचंच बघा. संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ साली त्यांची गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी गेली. १९२७ मध्ये याच प्रचारासाठी मासिक काढलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत चालवलं. मध्ये अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात तर डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी दंड झालाच! म्हणजे व्यवहाराच्या हिशोबात हा माणूस हरतच होता. पण अंक निघत राहिला. मला ते धैर्यापेक्षा चिवटपणाचं काम वाटतं. दर महिन्याला मजकूर, छपाई, टपाल. यात भव्यदिव्य काहीच नाही. (त्यांना पत्नी मालतीबाईंची साथ होती, हे आपण बहुतेक वेळा विसरतो.)

मी कर्वे नाही, हे सांगायलाच नको. एका नोकरीत साहेबांनी अहवालातले आकडे ‘जरा जुळवून’ द्यायला सांगितले, तेव्हा मी नाही म्हटलं. तेव्हा घरात दुसरा पगार होता म्हणून जीभ उचलली. पुढे एकट्याच्या पगारावर घर असताना अशाच एका कागदावर मुकाट सही केली. ती सही अजून खुपते. पण खुपते म्हणजे आदर्श संपला, असं म्हणायचं का? मला वाटतं, खुपायचं थांबलं असतं तर संपला असता.

आणि हो, जो कधीच अडचणीत सापडला नाही त्याने दुसऱ्याच्या तडजोडी मोजू नयेत, एवढं मात्र त्या चर्चेत कुणीतरी म्हणायला हवं होतं.