मैदान, नोकरी आणि संसार : आपले अनुभव लिहा

काल विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची चित्रफीत पुन्हा पाहत होतो. 19 जानेवारी 2025 रोजी दिल्लीत भारताच्या महिला आणि पुरुष अशा दोन्ही संघांनी नेपाळला हरवून खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे, त्यामुळे मला भरून आले होते. शेजारी बसलेली पत्नी एवढेच म्हणाली, "अहो, या पोरींचे कपडे कोण धूत असेल?"

मी सांगली जिल्ह्यात शासकीय कार्यालयात लिपिक आहे. गेली 22 वर्षे कार्यालय सुटले की शाळेच्या मैदानावर मुलींना खो-खो शिकवतो. मानधन घेत नाही, आणि घेत नाही हे मी फार अभिमानाने सांगत असे. स्पर्धेच्या आधी बाराही मुलींच्या जर्सी आमच्या घरी धुतल्या जात. सूर मारताना अंग जिथे घासते तिथे तांबड्या मातीचा डाग असा बसतो की साबणाने निघत नाही. रात्रभर भिजत घालून सकाळी ब्रशने घासावा लागतो. अंगणातल्या दोरीवर एक ते बारा आकडे ओळीने वाळत असत. ते ओळीनेच का, हे मी कधी विचारले नाही.

2011 मध्ये आमच्या मुली जिल्ह्यात पहिल्या आल्या आणि गावात सत्कार झाला. सरपंचांपासून मैदानावर पाणी मारणाऱ्या शिपायापर्यंत मी सर्वांचे आभार मानले. पत्नी दुसऱ्या रांगेत बसली होती. तिचा उल्लेख माझ्या तोंडून निघाला नाही. घरी आल्यावर तिने शालीची घडी करून कपाटात ठेवली आणि म्हणाली, "अकरावी." त्याच वर्षी तिची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा माझ्या खात्यावर अर्जित रजा शिल्लक नव्हती, वर्षाच्या 30 दिवसांतले बहुतेक स्पर्धांत गेले होते आणि मागची शिल्लकही मी तशीच संपवली होती. तिच्या उशाशी तिची बहीण बसली. सारा गाव मला नम्र माणूस म्हणतो, म्हणून हे लिहिताना संकोच वाटतो. ज्यांनी हे तिन्ही एकत्र ओढले आहे त्यांनी मोकळेपणाने लिहावे.

रत्नागिरीहून, प्रशिक्षकाची पत्नी :
ओळीने वाळत घातले की कोणत्या क्रमांकाची जर्सी हरवली ते लगेच कळते, म्हणून तसे घालतात. मीही तसेच घालते. आमचे हे कबड्डी शिकवतात. चढाईत चुकलेल्या सातवीतल्या मुलाला ते दहा वेळा समजावतात आणि आवाज चढवत नाहीत. मात्र घरी आमटीत मीठ कमी पडले की ताट सरकवतात. एकदा मी त्यांना म्हणाले, "माझ्याशी त्या सातवीतल्या मुलाशी बोलता तसे बोला." त्यानंतर ते बराच वेळ पडवीत बसून होते. सगळे बदलले असे नाही, पण आता घरात आल्यावर फोन हातात घेण्याआधी ते माझ्याजवळ दहा मिनिटे बसतात. दादा, तुम्ही वहिनींना नंतर काही बोललात का?

मुंबईहून, बँक कर्मचारी :
क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सर स्टेट बँकेत नोकरी करून शिवाजी पार्कवर मुले घडवत असत. यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवायची त्यांची पद्धत आम्ही सर्वांनी उचलली आणि तोंडावर कौतुक न करण्याची सवयही उचलली. सरांना ती शोभत होती. माझ्याकडे ना त्यांची नजर होती, ना त्यांची साधना. ती सवय माझ्याबरोबर घरी आली. पत्नी मुलांना झोपवून रात्री अभ्यास करून विभागीय परीक्षा उत्तीर्ण झाली, तेव्हा मी "ठीक आहे" म्हणालो होतो. मैदान सुटू नये म्हणून मी दोनदा बढती नाकारली आणि तो माझा त्याग म्हणून लोकांना सांगत राहिलो. घराचे हप्ते तिच्या पगारातून जात होते, हे सांगायचे मात्र राहून गेले.

साताऱ्याहून, निवृत्त शिक्षक :
आभार भाषणात मानले नाहीत तरी एक वेळ चालेल, पण रजा शिल्लक असायला हवी. माझ्याही घरी असाच प्रसंग घडला होता आणि तो मला अजून आठवतो.

पुण्याहून, क्रीडाशिक्षिका :
आमच्याकडे उलट आहे : मी मैदानावर असते आणि संध्याकाळची पोळी-भाजी हे करतात. नातेवाईक त्याचे कौतुक करतात. मी पूर्वी रोज करत होते तेव्हा कोणी केले नव्हते, आणि याचा राग मी अनेक वर्षे विनाकारण यांच्यावर काढला. दुसरा अनुभव मैदानावरचा आहे. 2022 मध्ये अल्टिमेट खो-खो ही लीग सुरू झाली आणि तिच्यात पाठलाग करताना कोणत्याही दिशेने पळू शकणारा खेळाडू, म्हणजे वजीर, आला. आम्ही नऊ जणांचा पाठलाग, एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत न सोडणे, असे सारे घोटून शिकलेलो. नववीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, वजिराला असे बसवू नका." मी तिला गप्प केले आणि तो सराव सामना हरले. रात्री यांना सांगितले, तर हे पोळी लाटता लाटता म्हणाले, "उद्या तिलाच विचार की." दुसऱ्या दिवशी सर्व मुलींसमोर मी तिच्याकडून पाटीवरची मांडणी समजून घेतली. खो दिल्यावर आपण खाली बसायचे असते, हे मी वीस वर्षे शिकवत आले होते, पण त्या दिवशी बसताना गुडघे जड झाले होते.

सांगलीहून, धागाकर्ता :
ताई, ओळीचे कारण आज कळले. होय, बोललो, पण तीन वर्षांनी, आणि तेही एसटीत, शेजारी बसून, खिडकीबाहेर पाहत. ती म्हणाली, "बरं." तेव्हापासून दहा दिवसांची रजा मी तिच्यासाठी राखून ठेवतो आणि जर्सी मुली स्वतः धुतात. तरी स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी ती दोरीपाशी जाऊन आकडे मोजते. परवा सात क्रमांकाची जर्सी नव्हती; ती एका मुलीच्या दप्तरात ओलीच सापडली, आणि हिने ती रात्री इस्त्री फिरवून वाळवली.