मदत हवी आहे: छोट्या अनुदानाच्या अर्जात गाडीखर्च कसा मांडायचा?

नमस्कार मंडळी,

आमचा छोटा गट एकट्या राहणाऱ्या वृद्धांना दर आठवड्याला एकत्र आणतो. गप्पा, थोडा व्यायाम, जेवण. सगळे स्वयंसेवक. आजवर वर्गणीवर भागलं, आता एका धर्मादाय न्यासाकडे अर्ज करतोय.

वस्तूंसाठी पैसे मागणं सोपं असतं. खुर्च्या, स्पीकर यांची दरपत्रकं जोडली की झालं. पण आमचा खरा खर्च ने-आण करण्याचा आहे. ज्यांना जिना उतरायलाच दोन माणसं लागतात, त्यांच्यासाठी गाडी नसेल तर नव्या खुर्च्या रिकाम्याच राहणार! आणि चालू खर्च मागितला की "अनुदान संपल्यावर काय?" हा प्रश्न ठरलेलाच. (प्रश्न रास्त आहे, पण आधी सुरू तर होऊ दे.)

गाडीखर्च थेट प्रकल्पखर्चात दाखवावा की प्रशासकीय खर्चात? मला पहिलं योग्य वाटतं, कारण गाडीशिवाय उपक्रमच नाही. स्वयंसेवकांच्या वेळेचं पैशात मोल लावून तो आमचा वाटा म्हणून दाखवला तर चालतं का?

परिणाम दाखवताना हजेरीपट पुरतो का? सुरुवातीला कोपऱ्यात गप्प बसणाऱ्या एक आजी आता निघताना पुढच्या वेळची गाडी किती वाजता येणार ते विचारून जातात. हे अर्जात कुठल्या रकान्यात बसवायचं?

कुणाचा असा अर्ज मंजूर झाला असेल तर अंदाजपत्रकाचा नमुना दाखवाल का? आकडे झाकून दिलात तरी चालेल, शीर्षकं कळली तरी पुष्कळ.