मदत हवी आहे : कलम ३५(३)ची नोटीस फक्त व्हॉट्सॲपवर आली

भावाला पोलिसांकडून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३)ची नोटीस (अटक न करता पोलिसांपुढे हजर राहायला सांगणारी) फक्त व्हॉट्सॲपवर आली आहे. गुन्ह्याची कमाल शिक्षा ७ वर्षांच्या आत, आधीचा गुन्हा नाही. अशी नोटीस ग्राह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात जानेवारी २०२५मध्ये सांगितले, हे माहीत आहे. पण त्या आधारावर घरी बसायचे नाही. न गेल्यास ३५(६)खाली अटक होईल, हीच खरी धास्ती. सहकार्याची तयारी कळवून त्याने ईमेलने कागदी नोटीस मागितली, उत्तर नाही. एफआयआरची प्रत मिळाली आहे. वकील म्हणतात, सरळ हजर व्हा. त्याआधी सत्र न्यायालयात याच संहितेच्या कलम ४८२खाली अटकपूर्व जामीन मागावा, की नोटीस असल्याने ‘अटकेची भीतीच नाही’ म्हणून अर्ज निकाली निघतो?